एवारिस्तोने नापास केलेली गाडी

एवारिस्तो कापोते गाडीच्या मालकाला बोलू देत नसे. हा त्याचा पहिला नियम.

मातान्सासमध्ये कुणाला जुनी गाडी घ्यायची किंवा विकायची असली की त्याला बोलावणं जायचं. तो सायकलवर यायचा. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत प्लग खोलायचा पाना, एक पांढरं फडकं, स्वतःच्या खात्रीच्या तेलाच्या दोन बाटल्या आणि शेंगदाण्यांची पुडी. आल्या आल्या तो पुडी मालकाच्या हातात द्यायचा.

"खा. मी सांगेपर्यंत तोंड दुसऱ्या कामाला उघडायचं नाही."

"अहो उस्ताद, माझी गाडी आहे. मी सांगतो ना तिचं—"

"तू विकणारा आहेस. विकणारा सांगत नाही, विकतो. इंजिन सांगेल. खा."

लोक हसायचे, खायचे, गप्प बसायचे. कारण एवारिस्तोने पास केलेली गाडी दुसऱ्या दिवशी विकली जाई आणि नापास केलेली गाडी हवानापर्यंत कुणी घेत नसे.

हे त्याला उगाच मिळालं नव्हतं. बसच्या कारखान्यातल्या तपासणी खोलीत त्याने सव्वीस वर्षं काढली होती. शंभर तास चाललेलं इंजिन किती झिजतं, हजार तास चाललेलं किती, किती तेल पितं, हे मोजणं हेच त्याचं काम. नव्वदच्या दशकात पेट्रोल संपलं, कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. सिलिंडरची झीज मोजायचं एक घड्याळ तेवढं तो घरी घेऊन आला. ते बायकोच्या लग्नातल्या हातरुमालात गुंडाळून ठेवलेलं असे.

आमच्याकडे तेव्हा क्रांतीच्या आधीच्या गाड्याच कायद्याने विकता यायच्या. म्हणजे सगळ्यात नवी गाडीही पन्नास वर्षांची. त्यामुळे खोटेपणाची कलाही पन्नास वर्षं मुरलेली होती. इंजिन धूर ओकत असेल तर गिअरचं जाड तेल ओतायचं. आवाज करत असेल तर साखर कारखान्यातलं ग्रीस वितळवून घालायचं. दोन दिवस इंजिन मांजरासारखं गुरगुरतं. तिसऱ्या दिवशी विकणारा गावात नसतो.

एवारिस्तो या सगळ्यांना पुरून उरायचा. प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबायचा आणि कुणाला तरी इंजिन फिरवायला लावायचा. अंगठा किती जोरात उडतो त्यावरून दाब कळे. मग सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं. आणि शेवटी रस्ता. सपाट जागी गाडी उभी करून इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत स्वतःचं तेल भरायचं, होवेयानोसला जाऊन परत यायचं, त्याच जागी दहा मिनिटं थांबायचं आणि पट्टी पुन्हा बघायची. शंभर किलोमीटरमध्ये किती गेलं? तेल खुणेवरच असेल तर पास. बोटभर उतरलं तर भाव पाडा. त्याखाली गेलं तर नापास.

या फेरीत मागच्या सीटवर उलटं बसून धुराकडे बघणारा माणूस लागतो. पंधरा वर्षं ते काम त्याची बायको हायदे करायची. ती गेल्यावर त्याने मला विचारलं. आमची घरं समोरासमोर. मी हवानाहून साहित्याची पदवी घेऊन परत आले होते. ज्या वाचनालयात माझी नेमणूक झाली त्याच्या छपराची दुरुस्ती दोन वर्षं चालू होती. मी रिकामी होते.

"रंग ओळखता येतात का तुला?"

"कुठले?"

"तीनच आहेत. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे पाणी. निळा म्हणजे तेल. बाकीचे कवींचे. ते मला नकोत."

पहिल्याच फेरीत मी म्हणाले, "राखेसारखा आहे, पण कडेला जरा जांभळट."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागे वळून माझ्याकडे बघितलं. "विद्वान, निळा आहे की नाही?"

"थोडा."

"थोडा नावाचा रंग नसतो."

मी शिकले. चढावर जोर दिल्यावर निळा आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर निळा आला तर व्हॉल्व्ह. दोन वर्षांत मी साठएक गाड्यांचा धूर पाहिला. पाद्र्याचीही गाडी आम्ही नापास केली. "फादर, प्रार्थनेने रिंगा घट्ट होत नाहीत," असं एवारिस्तोने त्याला चर्चच्या दारात सांगितलं. दोन वर्षांत तो एकदाही चुकला नाही. मी विद्यापीठात पाच वर्षं काढली. एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मला तिथे भेटला नव्हता. मला तो फार आवडायचा.

मग दोन हजार नऊच्या जानेवारीत नेरेइदाचं बोलावणं आलं.

नेरेइदा गावातल्या पेन्यास आल्तास वस्तीतल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. साठीची बाई, शाळेत स्वयंपाकीण होती. नवरा आर्सेनिओ वर्षापूर्वी वारला. तो साखर कारखान्यातला फिटर. त्याची चोपन्न सालची हिरवी शेवरले इमारतीच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. नेरेइदाला गाडी चालवता येत नव्हती. पण दर रविवारी ती शेजाऱ्याकडून इंजिन चालू करून घ्यायची आणि आर्सेनिओने सांगून ठेवलेलं सगळं त्याच्याकडून करवून घ्यायची.

वर तिची आई होती. लाला. वय एक्याण्णव. खुब्याचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं ती जिना उतरलेली नव्हती. तिच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. लाला आयुष्यभर ओसरीत बसलेली बाई. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, कुणाच्या पिशवीत काय आहे ते विचारायचं, कुणाची मुलगी कुणाबरोबर चालली आहे ते बघायचं. वर ती दिवसभर गप्प असायची.

घर विकता येत नसे. बदलता येत असे. नेरेइदाला बदल मिळाला होता. पुएब्लो नुएवोमध्ये विल्फ्रेदो पोन्से नावाच्या माणसाचं तळमजल्याचं घर होतं. दोन खोल्या, आणि थेट रस्त्यावर ओसरी. घर लहान, पण जमिनीवर. विल्फ्रेदोला नेरेइदाचा फ्लॅट हवा होता आणि वर भर म्हणून गाडी. गाडी तो टॅक्सी म्हणून कार्देनासच्या रस्त्यावर लावणार होता. दुसरीकडून त्याला एका डॉक्टर जोडप्याचंही विचारणं होतं.

"उस्तादांनी गाडी पास केली की सोमवारी सह्या," विल्फ्रेदो म्हणाला होता. "नाही केली तर डॉक्टर."

गुरुवारी सकाळी आम्ही अंगणात गेलो. विल्फ्रेदो आधीच आला होता, भिंतीला टेकून उभा. नेरेइदा इस्त्रीचा झगा घालून खाली आली. हातात किल्ली. एवारिस्तोने तिला पुडी दिली.

"मला दात नाहीत चांगले, उस्ताद."

"मग नुसती हातात धरा."

त्याने प्लग काढले. एकेक करून सहाही भोकांवर अंगठा ठेवला. विल्फ्रेदो आत बसून इंजिन फिरवत होता. प्रत्येक वेळी अंगठा फट्दिशी उडाला. मला वाटलं, तो खूश होईल. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"फार छान आहे," तो मला हळूच म्हणाला. "पंचावन्न वर्षांच्या बाईला एवढा दम नसतो. आत काहीतरी जाड घातलंय कुणीतरी."

"तिने?"

"तिने नाही तर नवऱ्याने जाता जाता. फिटर होता ना. या लोकांच्या हातात आलेलं काही सरळ राहत नाही."

मग त्याने तेलाची पट्टी ओढून काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"बघ. आताच तहानलेली आहे."

त्याने आपली बाटली उघडली आणि ओतायला लागला. नेरेइदा पुढे आली.

"उस्ताद, तेवढं नको. आर्सेनिओ नेहमी म्हणायचा, दोन बोटं—"

"बाई."

"नाही, ऐका तर खरं, ती पट्टी—"

"बाई, पुडी हातात आहे ना? मग झालं. नवरे गाडीबद्दल बायकांना काय काय सांगतात ते मला ठाऊक आहे. माझी बायको पंधरा वर्षं मागच्या सीटवर बसली, तीही मधे बोलायची नाही."

विल्फ्रेदो हसला. नेरेइदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिचं वाक्य ऐकलं होतं. ते अर्धं राहिलं होतं हेही मला कळलं होतं. पण नियम माहीत होता आणि मी नियमाच्या बाजूची होते. मी मागच्या सीटवर जाऊन उलटी बसले.

वरच्या खुणेपर्यंत यायला जवळजवळ दोन लिटर तेल लागलं. एवारिस्तोने रिकाम्या बाटल्या विल्फ्रेदोला दाखवल्या.

लिमोनार गाठेपर्यंत ठीक होतं. पुढच्या चढाला त्याने जोर दिला आणि मागे निळा पडदा उभा राहिला. मी इतका निळा धूर कधी पाहिला नव्हता. आमच्या मागचा सायकलवाला त्यात दिसेनासा झाला.

"विद्वान?"

"निळा."

"थोडा?"

"निळा, उस्ताद."

उतारावरही निळा. होवेयानोसमध्ये आम्ही कॉफी प्यायलो तेव्हा गाडीखाली तेलाचं थारोळं झालं होतं. परत येऊन त्याच जागी दहा मिनिटं थांबलो. पट्टीवर लिटरभर तेल कमी झालं होतं. शंभर किलोमीटरमध्ये एक लिटर.

नेरेइदा अजून अंगणातच उभी होती. पुडी तशीच हातात.

"नापास," एवारिस्तो म्हणाला. "रिंगा गेल्यात. ही गाडी टॅक्सीला लावली तर पेट्रोलपेक्षा तेल जास्त पिईल."

"नाही हो," नेरेइदा म्हणाली. "असं कसं? आर्सेनिओच्या हाताची आहे ती."

विल्फ्रेदोने टोपी घातली. "मग नाही जमायचं, नेरे. मनापासून सांगतो, तुझी जागा मला आवडली होती."

ती त्याच्या मागे गेली नाही. जिन्याच्या दाराकडे बघत राहिली. एवारिस्तोने त्या दाराकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं. मग त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. विल्फ्रेदोला हाक मारली.

"सोमवारपर्यंत थांब. मी रिंगा घालून देतो. मजुरी नको. माझ्या ओळखीच्या एकाकडे जुन्या पण चांगल्या रिंगा आहेत."

विल्फ्रेदोने विचार केला. "सोमवार सकाळपर्यंत. त्यानंतर डॉक्टर."

एवारिस्तो खरंच चांगला माणूस होता. तो चांगला नसता तर पुढचं सगळं निम्म्याने तरी टळलं असतं. गाडी निदान जोडलेली राहिली असती.

शनिवारी त्याने अंगणातच इंजिन उघडलं. तेल बादलीत काढलं, इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. हेडचं पॅकिंग तांब्याचं, कितव्यांदा तरी भाजून, ठोकून बसवलेलं. ते उतरताना दोन ठिकाणी फाटलं. "मिळेल कुठेतरी," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत खालचं तेलाचं चेंबर निघालं, पिस्टन निघाले. सगळं एका चादरीवर मांडलं. चादर नेरेइदाची होती.

रविवारी सकाळी त्याने हातरुमालातून घड्याळ काढलं आणि पहिल्या सिलिंडरमध्ये सोडलं. बघितलं. काढलं, पुसलं, पुन्हा सोडलं. दुसऱ्या सिलिंडरमध्ये. तिसऱ्या. मग घड्याळ बाजूला ठेवून नखाने सिलिंडरची वरची कड चाचपली. झिजलेल्या सिलिंडरला तिथे पायरी पडते, नख अडकतं. त्याचं नख अडकलं नाही. रिंगा हातात घेतल्या. त्या शाबूत होत्या.

"उस्ताद, काय?"

"झीज नाही." त्याने रिंगा चादरीवर ठेवल्या. "आर्सेनिओने सिलिंडरना आतून नवी नळकांडी, स्लीव्ह, बसवल्यात. कुठून आणल्या कोण जाणे. कारखान्यातून बाहेर पडताना असतं तसं इंजिन आहे हे."

"मग निळा?"

तो बादलीकडे गेला. रिकामी बाटली घेऊन एकेक लिटर मोजून दुसऱ्या बादलीत ओतायला लागला. एक, दोन, तीन. पाच झाले तरी तेल उरलं होतं. या गाडीच्या पोटात पाच लिटरही मावत नाही. सहा निघालं. आणि एक आम्ही होवेयानोसच्या रस्त्यावर जाळलं होतं.

"कोपऱ्यावर पिवळी आहे ना, त्रेपन्नची," तो म्हणाला. "तिचं इंजिन हेच आहे. तिची पट्टी मागून आण."

मी धावत गेले. पट्टी आणली. त्याने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. आपली बरीच आखूड होती. खुणाही वेगळ्या. ती कुठल्यातरी रशियन ट्रकची असावी. मूळची कधी हरवली असेल, तुटली असेल. आर्सेनिओने मिळाली ती लावली आणि खरी पातळी कुठे ते लक्षात ठेवलं. आमच्याकडे प्रत्येक गाडी दुसऱ्या चार गाड्यांची मिळून झालेली असते. एवारिस्तोने आयुष्यभर इंजिनांवर संशय घेतला, मालकांवर घेतला. पट्टीवर घेतला नाही. ज्याने मोजायचं तेच परकं असेल हे त्याच्या मनात आलं नाही. जास्त भरलेल्या तेलात इंजिनातला फिरता दांडा, क्रँक, बुडाला, त्याने फेस केला, तो फेस मिळेल त्या वाटेने वर चढून जळाला. धूर निळा होता. मी खोटं बोलले नव्हते.

नेरेइदा कॉफी घेऊन खाली आली. तिने त्याच्या हातातल्या दोन पट्ट्या पाहिल्या. ट्रे गाडीच्या मडगार्डवर ठेवला.

"खालच्या खुणेच्या दोन बोटं खाली," ती म्हणाली. "आर्सेनिओ म्हणायचा, पट्टी आपली नाही, तेवढंच ठेवायचं. मी दर रविवारी तेवढंच ठेवून घ्यायचे. गुरुवारी मी तेच सांगत होते."

"नेरेइदा, मी—"

"तू मला शेंगदाणे दिलेस."

तोवर ती त्याला उस्ताद म्हणत होती, तुम्ही म्हणत होती.

"उद्या सकाळपर्यंत जोडून होईल का?" तिने विचारलं.

त्याने चादरीकडे पाहिलं. फाटलेल्या पॅकिंगकडे पाहिलं. "पॅकिंग नाही."

"मग जा आणि त्याला सांग."

आम्ही सायकलवरून पुएब्लो नुएवोला गेलो, मी पुढच्या दांडीवर. विल्फ्रेदो त्याच ओसरीत बनियनवर बसला होता. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. एवारिस्तोने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पट्टी, सहा लिटर, स्लीव्ह. विल्फ्रेदोने मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे गाडी चांगली आहे."

"या गावात तिच्याइतकं चांगलं इंजिन नाही."

"आणि आता ती कुठे आहे?"

"उघडलेली आहे."

"चादरीवर." विल्फ्रेदो हसला. "उस्ताद, गुरुवारी तुम्ही शब्द दिलात की रिंगा गेल्यात. आज दुसरा शब्द देताय. मी कुठला घेऊ?"

"आजचा."

"का? गुरुवारी तुमच्याकडे बघून मला वाटलं, हा माणूस कुणाचा नाही. आज तुम्ही त्या बाईच्या अंगणात फुकट राबताय. तुम्हीच म्हणता ना, विकणारा सांगत नाही, विकतो? तुम्ही आता विकणाऱ्यांतले झालात."

"विल्फ्रेदो, वर एक म्हातारी आहे."

"माहीत आहे. मी भेटलोय तिला. म्हाताऱ्या सगळ्यांकडे असतात."

मी म्हणाले, "मी धूर पाहिला होता. मी सांगते—"

"पोरी, तू तर गुरुवारी निळा म्हणालीस ना?"

सोमवारी त्याने डॉक्टरांशी सह्या केल्या.

हेडचं पॅकिंग मिळायला सात आठवडे लागले. सिएनफुएगोसच्या एका माणसाने तांब्याच्या पत्र्यातून कापून दिलं. मार्चअखेर एवारिस्तोने इंजिन जोडलं, खऱ्या मापाने तेल भरलं आणि आम्ही पुन्हा होवेयानोसला गेलो. मी उलटी बसले होते. मागे फक्त रस्ता दिसत होता. परत आल्यावर तेल होतं तिथेच होतं.

तो वर सांगायला गेला. नेरेइदाने दार अर्धं उघडलं.

"चांगली आहे," तो म्हणाला. "थेंबभरही गेलं नाही."

"हे मला सांगायला चार मजले चढलास?"

दार लागलं.

मग त्याने आणखी एक गोष्ट केली, जी मला आजही कळत नाही. टॅक्स्यांच्या तळावर जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की नेरेइदाच्या गाडीबाबत चूक त्याची स्वतःची आहे. मी त्याला म्हणाले होते, "तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"म्हणूनच सांगायला हवं."

त्याला वाटलं होतं, सांगितल्याने तिच्या गाडीचं नाव धुऊन निघेल. ड्रायव्हर लोक ऐकत राहिले. मग एक जण म्हणाला, "म्हणजे माझी ब्यूक गेल्या वर्षी नापास केलीस तीही चूकच असणार?" दुसरा म्हणाला, "याने एक पुडी खाल्ली असती तर बरं झालं असतं." सगळे हसले. पाद्र्यानेही निरोप पाठवला, नम्र भाषेत. आठवड्याभरात त्याने दहा वर्षांत नापास केलेली प्रत्येक गाडी आपोआप पास झाली.

त्यानंतर दोनच बोलावणी आली. दुसऱ्या वेळी त्याने पुडी काढलीच नाही. मालक अर्धा तास बोलला. एवारिस्तोने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावत. त्यात खरं किती होतं ते त्याला ठरवता आलं नाही. गाडी त्याने पास केली. तिचं इंजिन तीन आठवड्यांत बसलं. घेणारा त्याच्या दारात येऊन थुंकून गेला. मी समोरच्या खिडकीतून पाहिलं.

मे महिन्यात विल्फ्रेदो नेरेइदाकडे गेला. डॉक्टरांनी घरावर भर म्हणून दिलेली गाडी धूर ओकत होती. ती त्याने कुणाकडूनच तपासून घेतली नव्हती. आधी नापास झालेली, मग त्याच एवारिस्तोने उघडून जोडलेली गाडी म्हणून नेरेइदाकडे दुसरं कुणी येत नव्हतं, आणि ताडपत्री फाटायला आली होती. त्याने मागितली त्या किमतीला तिने दिली. निम्म्याला. आता ती हिरवी गाडी रोज कार्देनासच्या रस्त्यावर धावते. मी एकदा तिच्यात बसले. विल्फ्रेदो शेजारच्याला सांगत होता, "तेल? सहा महिन्यांत थेंब नाही घातला. एवारिस्तोची कृपा. तो चुकला नसता तर मला एवढ्या स्वस्तात कुठली मिळायला?" तो थट्टा करत नव्हता. मनापासून बोलत होता. मी अर्ध्या वाटेत उतरले.

ऑक्टोबरात लालाला श्वास लागला. दुपारची वेळ. रुग्णवाहिका कधी येईल ते कुणी सांगेना. नेरेइदाने शेजारच्या पोराला निरोप देऊन पाठवलं, मिळेल ती गाडी आण आणि मिळेल तो माणूस आण. त्याला रस्त्यावर विल्फ्रेदो मिळाला आणि कोपऱ्यावर मी आणि एवारिस्तो.

नेरेइदाने एवारिस्तोला दारात पाहिलं. फक्त बाजूला झाली.

लालाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, चादरीने बांधलं. वरून विल्फ्रेदो आणि शेजारी, खालून एवारिस्तो. उतरताना भार खालच्यावर येतो. सदुसष्ट वर्षांचा माणूस उलट्या पावलांनी एकसष्ट पायऱ्या उतरला.

गाडीत लाला खिडकीशी बसली. श्वास घेता येत नव्हता तरी मान काचेकडे होती.

"हळू," ती म्हणाली.

"आई, हॉस्पिटलला जायचंय," नेरेइदा म्हणाली.

"हळू चालव रे."

विल्फ्रेदोने वेग कमी केला. लालाने पेन्यास आल्तासपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत रस्ता बघितला. एक बाई पिशवीत मालांगाचे कंद घेऊन चालली होती. लालाने ती पिशवी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवली.

दारात नेरेइदाने नोटा पुढे केल्या. विल्फ्रेदोने एक परत दिली, बाकीच्या घेतल्या.

मला वाटलं होतं, ती तिथेच संपेल. नेरेइदालाही वाटलं असणार, कारण तिने आईला शेवटी घालायचा पांढरा झगा बरोबर घेतला होता. पण लाला बरी झाली. पाचव्या दिवशी तिला घरी सोडलं.

पुन्हा तीच खुर्ची. चढताना भार मागच्यावर येतो, म्हणून एवारिस्तो पुन्हा खाली. दुसऱ्या मजल्यावर त्याला धाप लागली. खुर्ची टेकवली. तो भिंतीला टेकून उभा राहिला. नेरेइदा त्याच्याकडे न बघता पुढच्या पायऱ्यांवर थांबली.

लालाने आजूबाजूला पाहिलं.

"इथून रस्ता दिसतो का रे?"

तिथे एक लहान जाळी होती. एवारिस्तो जाऊन तिच्यातून डोकावला. बराच वेळ बघत राहिला. पलीकडे पाण्याची टाकी आणि भिंत होती.

"नाही," तो म्हणाला.

"मग चला," लाला म्हणाली.